पूर्वज्ञानाचा रकाना

बी.एड. केलेल्या माणसाला पाठ टाचण म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वर्ग, तुकडी, विषय, घटक, उपघटक, तासिका, दिनांक; त्याखाली उद्दिष्टे, शैक्षणिक साधने; आणि मग एक रकाना असतो, 'विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान'. मुलांना आधीपासून काय ठाऊक आहे ते लिहिल्याशिवाय टाचणावर सही होत नाही आणि सहीशिवाय वर्गात पाऊल टाकता येत नाही. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र आम्हाला इतक्या वेळा सांगितले गेले की झोपेतून उठवून विचारले तरी म्हणून दाखवू.

छात्राध्यापकांसाठी जी नियमावली असते, तिच्यात मात्र असा रकाना नाही. किती दिवस हजर राहायचे, किती पाठ घ्यायचे, कोणता पोशाख घालायचा, कसे बोलायचे, कोणत्या वह्या कधी सादर करायच्या, हे सगळे तिच्यात असते. शिक्षक होऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी कोणत्या घरातून आली, काय बोलत आली, काय घेऊन आली, हे विचारण्याची सोय नसते. मुलांच्या बाबतीत जे सूत्र आम्ही पाठ केले, ते आमच्या बाबतीत क्वचितच कोणी वापरले. यावर आम्ही गेली वीसएक वर्षे आपसांत बोलत आलो आहोत. आता आमच्या घरातल्या मुली त्याच वाटेने निघाल्या आहेत, म्हणून ते लिहून ठेवावेसे वाटले.

आम्ही म्हणजे सहा जण. २००१-०२ या वर्षी जिल्ह्याच्या गावी एका अध्यापक महाविद्यालयात आम्ही शिकलो. शंभरांच्या वर्गात मुसलमान सहाच, चार मुली आणि दोन मुलगे. कुणाचे अब्बा एस.टी.त वाहक, कुणाची शिलाईची टपरी, कुणाचा भाजीबाजारात गाळा, एकीचे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. सहाही जण मराठी माध्यमातून शिकलेले आणि सहाही घरांत बोली दखनी. अजून आम्ही एकमेकांच्या संपर्कात आहोत. चौघे नोकरीत आहेत. एकजण मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. एकजण मोहल्ल्यातल्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि शिलाई करते.

आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचे होते. जूनच्या अखेरीस प्रवेश आणि पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षा. एवढ्या वेळात सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, दोन विषयांचे सरावपाठ, छात्रसेवाकाल, वार्षिक पाठ, शिवाय लेखी पेपर. धावत्या गाडीत चढावे तसे ते वर्ष गेले. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम आणले आणि २०१५-१६ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्याआधी २०१२ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने अध्यापक शिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले होते. नव्या विनियमांनी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला ३६ तास ठरवून दिले. तासांना आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के, तर शालेय आंतरवासितेला ९० टक्के हजेरी सक्तीची केली. आंतरवासिता २० आठवड्यांची झाली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. ज्याला आम्ही छात्रसेवाकाल म्हणत होतो, तीच ही आंतरवासिता. आता तिला चांगला अवधी मिळाला आहे.

हे आकडे कुणाला कोरडे वाटतील. आमच्या घरांत मात्र त्यांना फार अर्थ होता आणि आजही आहे.

हजेरीचेच घ्या. आमच्यातल्या तिघींच्या घरी बी.एड.ला पाठवताना एकच बोलणे झाले होते, 'पढ ली ना, अब नौकरी कर को क्या करती?' फुफीच्या मुलीचे लग्न, मामूंकडची दावत, गावाकडचा उरूस, आजीचे दुखणे, असे काहीही निघाले की आधी मुलीने घरी थांबायचे. भावाची परीक्षा बुडू नये म्हणून सारे घर जपायचे, बहिणीचा तास बुडाला तर कुणाच्या लक्षातही यायचे नाही. त्या वर्षी आम्हाला पहिल्यांदा एक वाक्य मिळाले, 'गैरहजर राहता येत नाही, नियम आहे.' प्राचार्यांच्या सहीचा कागद आम्ही घरी दाखवला. ज्या अब्बांना मुलीचे ऐकायची सवय नव्हती, त्यांनी सरकारी कागद ऐकला. आमच्यातल्या एकीच्या सख्ख्या चुलत भावाचे लग्न सरावपाठांच्या आठवड्यात आले, तेव्हा ती सकाळी दोन पाठ घेऊन दुपारी बसने लग्नाला पोहोचली. खालाजान तोंड वाकडे करून म्हणाल्या की पोरगी लग्नाला पाहुण्यासारखी आली. पण आली ती पाठ घेऊन आली.

म्हणून कडक नियमांविषयी आमचे मत जरा वेगळे आहे. सुखवस्तू घरातल्या वर्गमित्रांना हजेरीचा नियम जाच वाटायचा. आम्हाला तो भिंतीसारखा पाठीशी होता. ज्या मुलीला घरात 'नाही' म्हणायची मुभा नसते, तिच्या वतीने नियम 'नाही' म्हणतो. हे नियम करणाऱ्यांच्या मनात कदाचित नसेल, तरी आमच्यापुरते तसे घडले.

हजेरीचा आणखी एक अर्थ पुढे नोकरीत कळला. शाळेत एक शिक्षक आला नाही तर त्याचा वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतो. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. आपण नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी जी थोडी अस्सल साधने हाती आहेत, त्यांतले हे एक. या ओळी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा आम्हाला वाटले, हजेरीपटाचे खरे कारण इथे आहे. आपण वर्गात नसलो की दुसऱ्या कुणाला तरी दुप्पट राबावे लागते. आणि महाराष्ट्रातल्या मुलींच्या पहिल्या शाळांच्या काळात ही वाटून घेतलेली मेहनत एका हिंदू आणि एका मुसलमान बाईची होती.

नियम कडक असला तरी तो राबवणारा माणूस कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. २००१ ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती आणि ती संपते न संपते तोच रमजान सुरू झाला. सुटीनंतर लगेच छात्रसेवाकाल लागला. दुपारची शाळा, बारा ते साडेपाच. पहाटे सहेरी करून निघायचे, आणि सातव्या-आठव्या तासाला घशाला इतकी कोरड पडायची की 'आवाजातील चढउतार' या मुद्द्याखाली निरीक्षकांना लिहायला काही उरत नसे. कुणाला सांगायला संकोच वाटायचा. चार-पाच दिवसांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला न विचारता वेळापत्रक बदलले. आमचे सगळे पाठ पहिल्या चार तासांत घेतले आणि उरलेल्या वेळेत ग्रंथालयाची नोंदवही नीट लावण्याचे काम दिले. शुक्रवारी दोघा मुलांना मधल्या सुटीला जोडून वीस मिनिटे दिली. एकही नियम मोडला नाही, एकही पाठ कमी झाला नाही. बाईंनी आमचे पूर्वज्ञान वाचले होते, एवढेच.

त्याउलट दुसऱ्या एका ठिकाणी रोजा असल्याचे कळल्यावर मार्गदर्शकांनी समजावले की शिक्षकाने खाऊनपिऊन यावे, नाही तर मुलांवर अन्याय होतो. बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण चतुर्थीला, एकादशीला उपवास करून येणाऱ्या छात्राध्यापिका त्याच बाकावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांवर होणाऱ्या अन्यायाची आठवण कुणाला झाली नव्हती.

पोशाखाची गोष्ट अशीच गुंतागुंतीची आहे. छात्राध्यापिकांना साडीची सक्ती होती, तीही ठरावीक रंगाची. आमच्याबद्दल एक समज असा होता की साडी म्हणजे आम्हाला परके काहीतरी. आमच्या अम्मी आणि दादी जन्मभर साडीत वावरल्या. गावाकडे बाजारात उभ्या राहिल्या तर कोण कुठली हे परक्याला ओळखू येऊ नये. साडी नेसायला आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. उलट वर्गातल्या कित्येकींच्या निऱ्या आम्ही घालून दिल्या. बुरखा वापरणारी आमच्यात एकच होती. ती फाटकाशी तो काढून पिशवीत घालायची आणि जाताना पुन्हा घालायची. त्यावर तिने कधी तक्रार केली नाही.

खुपले ते दुसरेच. पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात 'व्यक्तिमत्त्व व पोशाख' असा एक मुद्दा असे आणि त्याला गुण असत. एकदा त्या मुद्द्यासमोर शेरा आला, 'कपाळ मोकळे वाटते.' ज्या बाईंनी लिहिले त्या मायाळू होत्या. छोटीशी टिकली लावली तर चेहरा कसा उठून दिसतो, हे त्यांनी नंतर प्रेमाने सांगितलेही. जिला हा शेरा मिळाला, तिने तितक्याच नम्रपणे उत्तर दिले, 'मॅडम, आमच्या घरी पद्धत नाही.' बाई गप्प झाल्या. पुढच्या पाठाला त्या मुद्द्याचे पूर्ण गुण मिळाले. संपले. पण विचार करावासा वाटतो की असा शेरा लिहिताना 'शिक्षिका' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यात आमचा चेहरा कधी आलाच नव्हता. आला असता कसा? त्यांना शिकवणाऱ्यांत, त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांत आमच्यातले होते किती?

काळ बदलला, हेही नमूद केले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी ज्या सूचना काढल्या, त्यांत महिलांसाठी साडीबरोबर सलवार-कुर्ता-दुपट्टाही मान्य केला आहे. जीन्स आणि टी-शर्ट नको, कपडे नीटनेटके हवेत, इतके म्हणणे रास्त आहे. मुलांसमोर उभे राहणाऱ्याने अदबीने उभे राहावे, हे आमच्याही अब्बांनी सांगितलेच होते. अदब कशात आहे आणि केवळ सवय कशात आहे, हे मात्र निरीक्षकाला वेगळे करता यायला हवे.

भाषेचा प्रश्न पोशाखापेक्षा खोल आहे. आमच्यातल्या दोघींनी मराठी ही अध्यापन पद्धती घेतली तेव्हा वर्गात जरा कुजबुज झाली. मुसलमान मुलगी मराठी शिकवणार? जणू ती भाषा आम्ही भाड्याने आणली होती. पहिल्या काही पाठांत निरीक्षणवहीत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला, 'उच्चारदोष'. 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो. खरे आहे, होत होता. दखनीत 'ळ' नाही. आमच्याच गटात खेड्यातून आलेला एक शेतकऱ्याचा मुलगा होता, तोही 'पानी' आणि 'लोनी' म्हणायचा. त्याच्या वहीत शेरा असे, 'ग्रामीण ढंग'. आमच्या वहीत 'दोष'. आम्ही दोघांनी वह्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि खूप हसलो. नंतर आरशासमोर उभे राहून 'काळा कावळा फळावर बसला' असे घोकत आम्ही तिघे मिळून उच्चार सुधारले. प्रमाण मराठी नीट बोलता आली पाहिजे, ही अपेक्षा चूक नाही. मुलांना परीक्षेत, कचेरीत, नोकरीत तीच भाषा लागणार आहे, आणि ती त्यांना देणे हे आमचे काम आहे. म्हणणे एवढेच आहे की ती देताना मुलाच्या तोंडात आधी असलेल्या भाषेला दोष म्हणू नये.

हे आम्हाला एका मुलाने शिकवले. सरावपाठाच्या शाळेत पाचवीच्या वर्गात तांड्यावरून येणारा एक मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा. महिनाभर त्याने तोंड उघडले नव्हते. वर्गशिक्षकांनी आधीच सांगून ठेवले होते, त्याला प्रश्न विचारू नका, पाठ फसेल. निरीक्षणाचा पाठ असला की छात्राध्यापक हुशार मुलांनाच प्रश्न विचारतात. हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. आमच्यातल्या एकीने त्याला उठवून विचारले, 'घरी भाकरीला काय म्हणतोस?' तो बराच वेळ गप्प राहिला, मग हळूच म्हणाला, 'बाटी.' ती म्हणाली, 'आमच्या घरी रोटी म्हणतात. इथे पुस्तकात भाकरी आहे. तुला आता दोन शब्द येतात, मला तीन.' वर्ग हसला, तोही हसला. त्यानंतर तो मधूनमधून हात वर करू लागला. त्या दिवशी टाचणातल्या पूर्वज्ञानाच्या रकान्यात जे लिहिले होते, 'विद्यार्थ्यांना अन्नपदार्थांची नावे माहीत आहेत', त्याचा अर्थ आम्हाला प्रथमच कळला. कोणत्या भाषेत माहीत आहेत, हे लिहायचे राहिलेले असते.

आणखी एक पाठ आठवतो. परभाषेतून मराठीत आलेले शब्द, हा घटक होता. आदल्या रात्री आमच्यातली एकजण घरी बसून तक्ता तयार करत होती. हजेरी, रजा, अर्ज, दाखला, तारीख, शिक्का, शिफारस, कागद. अब्बा शेजारी चहा पीत होते. त्यांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, 'ये तो हमारेच लफ्ज हैं.' अरबी-फारसीतून येऊन शेकडो वर्षे मराठी कचेऱ्यांत राबलेले हे शब्द. छात्राध्यापकाचे सारे वर्ष ज्या शब्दांभोवती फिरते, तेच. आणि अब्बांच्या त्या वाक्यातला 'हमारेच'मधला 'च' मराठीतून दखनीत आलेला. देवघेव दोन्हीकडून झालेली आहे. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही गोष्टी वर्गात सांगितल्या. त्या पाठाला तिला त्या वर्षातले सर्वांत जास्त गुण मिळाले. घरून जे आणले होते ते वर्गात चालले, असे आम्हाला वाटलेला तो पहिला दिवस.

सूक्ष्म अध्यापनाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. या पद्धतीचा उगम १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. आपल्याकडे रूढ झालेल्या पद्धतीत ३६ मिनिटांचे एक चक्र असते. सहा मिनिटे एकच कौशल्य घेऊन शिकवायचे, सहा मिनिटे इतरांनी काय दिसले ते सांगायचे, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखायचा, सहा मिनिटे पुन्हा शिकवायचे, सहा मिनिटे पुन्हा चर्चा. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी. मुलींना पुरुषांसमोर फळ्याशी उभे राहून बोलायची सवय या सहा-सहा मिनिटांनी लागली. आमच्यातली जी सर्वांत बुजरी होती, तिच्या पहिल्या चक्रात सहा मिनिटांत चार वाक्ये झाली होती. आज ती नववी-दहावीचा सत्तर मुलांचा वर्ग सांभाळते. ज्या घरात तिने मोठ्याने बोलल्यावर 'आहिस्ता' असे दटावले जायचे, त्याच घरात तिचा खणखणीत आवाज आता अभिमानाने सांगितला जातो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाने आम्हाला असे पुष्कळ दिले. ते न सांगणे कृतघ्नपणा ठरेल.

फेब्रुवारी २००२ च्या शेवटी गुजरातेत जे सुरू झाले, ते टीव्हीवर घरोघर दिसत होते. आमचे वार्षिक पाठ त्यानंतरच्या पंधरवड्यात होते. घरचे म्हणत, वर्ष गेले तरी चालेल, पण जाऊ नका. आम्ही गेलो. वर्गातल्या चार-पाच मुलामुलींनी न सांगता सवरता आमच्याबरोबर बसस्थानकापासून चालत यायचे ठरवले होते. कुणी त्याविषयी एक शब्द बोलले नाही. रस्त्याने गप्पा टाचणाच्याच चालायच्या.

वार्षिक पाठाचा घटक आपल्या हातात नसतो. आमच्यातल्या एकाच्या वाट्याला सातवीच्या वर्गावर इतिहासाचा घटक आला, प्रतापगडाची लढाई. पाठ बहिःस्थ परीक्षकांसमोर घ्यायचा. टाचणावर त्याचे पूर्ण नाव. आम्ही रात्रभर बसलो. सांगण्यासारखे सगळे पुस्तकात होते. प्रश्न सांगण्याचा होता. दुसऱ्या रांगेत दोन मुसलमान मुले बसतात, हे आम्हाला सरावपाठापासून माहीत होते. हा पाठ आला की ती बाकावरच्या रेघांकडे पाहत राहतात, हेही माहीत होते. आम्ही स्वतः त्या वयात त्याच रेघा पाहिल्या होत्या.

त्याने पाठ सरळ घेतला. १० नोव्हेंबर १६५९, भेट, दगा, वध, लढाई, विजय. काहीही गाळले नाही, आवाज पाडला नाही. मग फळ्याचे दोन भाग करून दोन नावे लिहिली. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांपैकी सिद्दी इब्राहिम. आणि प्रश्न विचारला, 'या दोन नावांवरून ही लढाई कशासाठी होती असे वाटते?' वर्ग थोडा थांबला. मग एक मुलगी म्हणाली, 'राज्यासाठी, सर.' त्याने पुढे सांगितले की लढाई संपल्यावर महाराजांनी खानाचे दफन करवले आणि ती कबर गडाच्या पायथ्याशी आहे. मेल्यावर वैर उरत नाही, हेही या पाठात शिकण्यासारखे आहे. दुसऱ्या रांगेतल्या दोघांपैकी एकाने त्या तासाला वहीत सिद्दी इब्राहिमचे नाव दोनदा लिहिले. परीक्षकांनी आशयाविषयी काही विचारले नाही. जाताना फक्त म्हणाले, 'प्रश्न चांगला होता.' गुण किती पडले ते आम्हाला आठवत नाही. तो पाठ आमच्यातले इतिहासाचे दोघे शिक्षक आजही तसाच घेतात.

आता पुढचे. पदवी हाती आली म्हणजे नोकरी मिळते, हे दिवस केव्हाच गेले. २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, मग पोर्टलवरची भरती. मुली वर्षानुवर्षे वाट पाहतात आणि मोहल्ला म्हणतो, बघा, शिकून काय झाले. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात नोंदवले होते की ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. त्या मुलांना त्यांच्या घरची बोली समजणारा शिक्षक हवा. तो केवळ मुसलमानच असावा असे आम्ही म्हणत नाही. तांड्यावरच्या मुलाची बोली आम्हालाही येत नव्हती. ती विचारायची असते, एवढे ठाऊक होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे. पदवीधरांसाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाटही धोरणात ठेवलेली आहे. म्हणजे शिक्षक व्हायचे की नाही, याचा निर्णय यापुढे अनेकींना बारावीलाच घ्यावा लागेल. आपल्या घरांत बारावी म्हणजे मुलीसाठी स्थळे पाहण्याचे वय. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला मुलगी पाठवायची तर चार वर्षे लग्नाचा विषय बाजूला ठेवावा लागेल, फी भरावी लागेल, आंतरवासितेच्या आठवड्यांत ती घरकामाला मिळणार नाही हे धरून चालावे लागेल. हा हिशेब आपण आजच मांडायला हवा. जमातखाने बांधायला आपण वर्गणी काढतो. जिल्ह्याच्या गावी बी.एड.च्या पाच मुली राहतील अशी एक भाड्याची जागा चालवणे त्यापेक्षा स्वस्त आहे.

अध्यापक महाविद्यालयांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. हजेरी कडक ठेवा, पाठ पूर्ण घ्या, टाचण तपासा, उच्चार सुधारा. यात कुणालाही सवलत नको; सवलतीने आलेला शिक्षक मुलांच्याही उपयोगाचा नाही. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक छात्राध्यापकाला एक पान कोरे द्या आणि लिहायला सांगा की तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात, तुमच्या शाळेत तुम्ही कधी गप्प बसलात, आणि का. मार्गदर्शकांनी ते पान पहिल्या पाठाआधी वाचावे. शेरा लिहिताना तो कौशल्यावर आहे की माणसावर, हे एकदा तपासावे. आंतरवासितेच्या २० आठवड्यांत एक दिवस तरी छात्राध्यापकांना मुलांच्या वस्तीत पाठवावे. मोहल्ल्यात, तांड्यावर, पालावर, झोपडपट्टीत.

आमच्या घरातली एक मुलगी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. सोळा आठवड्यांची आंतरवासिता सुरू आहे. परवा तिने टाचण दाखवायला आणले. पूर्वज्ञानाच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'वर्गात पाच घरभाषा आहेत. यादी मागे जोडली आहे.' आम्ही विचारले, हे तुला कुणी सांगितले? ती म्हणाली, कुणी नाही, पहिल्या दिवशी मुलांनाच विचारले. टाचण मंजूर झाले आहे. पाठ सोमवारी आहे, दुसऱ्या तासाला.